सत्यशीलाबाईंची ‘वाचलो वही’

एकोणीस वर्षं मी शनिवार पेठेत बसून लोकांचे भाडेकरार करतोय. जिन्याखालची दीड खणाची जागा, एक संगणक, अंगठे घ्यायचं यंत्र आणि माझ्या बोलण्याला घाबरणारी गिऱ्हाइकं, एवढाच माझा पसारा. या धंद्यात माझा एकच नियम आहे. कार्यालयाने अर्जात जेवढं विचारलंय तेवढंच सांगायचं, वर एक अक्षर नाही. हा नियम मी दारावर लिहून लावलेला नाही, कारण दारावर आधीच ‘सुट्टे पैसे आणि स्वतःचे पेन आणावे’ असं लिहिलंय आणि पुढे जागा उरलेली नाही. एकोणीस वर्षांत हा नियम एकाच बाईने मोडला आणि मोडून ती जिंकली. ती हकीकत सांगताना मला आनंद होतोय असं म्हटलं तर आमच्या वाड्यातलं कोणी विश्वास ठेवणार नाही, पण होतोय.

झालं असं की आमच्याकडे नवा नियम आला. पुण्यात खोली भाड्याने मिळते तशी नुसती खाटही मिळते, त्याला सगळे कॉट बेसिस म्हणतात. सहापेक्षा जास्त माणसं अशी ठेवणाऱ्या घराला यापुढे परवाना हवा. किती माणसं, किती खोल्या, बाहेर पडायचे रस्ते किती, आग विझवायची सोय काय, सगळं लिहून द्यायचं. तीन महिन्यांची मुदत. परवाना नाकारला तर पंधरा दिवसांत घर रिकामं. माझ्या दारात घरमालकांची रांग लागली. एकाने मला हळूच विचारलं, राहणारी मुलं भाचे म्हणून दाखवली तर चालतील का? मी विचारलं किती? तो म्हणाला अठरा. मी त्याला म्हटलं, अहो, तेवढ्या बहिणी आहेत का आपल्याला?

त्या रांगेत सत्यशीलाबाई होत्या. वय एकसष्ट, अंगावर सुती साडी, पायात कापडी बूट आणि हातात पोटाशी धरलेली फाईल. धायरीहून दोन बस बदलून आल्या होत्या. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, “माझ्या घरी दहा माणसं राहतात. नऊ मुली आणि मी. दहा लिहा.”

आता घरमालकाने खरा आकडा पहिल्या वाक्यात सांगणं ही गोष्ट मी कधी ऐकलेली नव्हती. मी सवयीने म्हणालो, “बाई, सात दाखवू या. जरा सोपं जाईल.”

“काऊन?” त्या म्हणाल्या. पुण्यात एकोणचाळीस वर्षं काढली तरी चिडल्या की त्यांची पवनीची बोली वर येते. “तीन मुली कपाटात ठेवू का मी?”

मी दहा लिहिलं.

पुढच्या तीन-चार खेपांत त्यांची माहिती मला तुकड्यातुकड्याने कळली, कारण अर्ज भरताना माणूस जितकं बोलतो तितकं घरच्यांशीही बोलत नसावा. सत्यशीलाबाई भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या. बाप छप्पन्नच्या दीक्षेला नागपूरला चालत गेलेला. मुलीचं नाव त्याने ठरवून सत्यशीला ठेवलं. बाविसाव्या वर्षी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी लागली आणि गावची मैत्रीण कुसुम हिच्याबरोबर ती पुण्यात आली. कुसुमला एका शिवणाच्या दुकानात काम मिळालं. मग दोघींनी खोली शोधायला सुरुवात केली. आठ ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर खोली ‘कालच गेली’ होती. हे सांगताना बाई हसल्या, पण मी हसलो नाही. ‘कालच गेली’ हे वाक्य मी माझ्याच गिऱ्हाइकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, आणि ऐकून गप्प बसलोय, की ते माझ्याही तोंडचं झालंय. त्याची लाज वाटते.

शेवटी खडकी बाजारात एका पत्र्याच्या खोलीत जागा मिळाली. खोलीत अकरा बायका. एक दार, तेही आत उघडणारं, आणि दाराशीच स्वयंपाकाचा स्टोव्ह. एका सकाळी स्टोव्ह भडकला. सगळ्या दाराकडे धावल्या आणि त्यांच्याच रेट्याने दार मिटलं. कुसुमने पेटता स्टोव्ह दोन्ही हातांनी उचलून मोरीत फेकला. अकराही जणी वाचल्या. कुसुमचे हात मात्र कोपरापर्यंत भाजले.

“मग पोलीस आले,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “मालकाने कागद काढला. कागदावर तीन बायका. कुसुमचं नाव नाही. मालक म्हणाला, ही आमच्याकडे राहतच नाही, कोणाची तरी पाहुणी असेल. झालं. तिचे हात जळाले, पण ती तिथं नव्हतीच.”

कुसुम पवनीला परत गेली. त्या हातांनी पुन्हा शिवण झालं नाही.

सत्यशीला कारखान्यात राहिल्या, आणि तिथे त्यांना जे शिकायला मिळालं त्यावर ही सगळी गोष्ट उभी आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यात प्रत्येक इमारतीच्या दारावर एक पाटी असते. आत जास्तीत जास्त किती माणसं असावीत त्याचा आकडा. पाच म्हणजे पाच. सहावा साहेब असला तरी एक बाहेर आल्याशिवाय तो आत जात नाही. दुसरं म्हणजे बिल्ला. आत जाताना आपला बिल्ला एका खिळ्यावर, बाहेर येताना दुसऱ्या. म्हणजे कुठल्याही क्षणी आत कोण आहे ते फळ्यावर दिसतं. आणि तिसरी गोष्ट त्यांच्या विभागातली. तिथे एक वही होती. अपघात झाला की सगळेच लिहितात. या वहीत न झालेला अपघात लिहायचा. हातातून डबा निसटला आणि झेलला, तर तेही लिहायचं. ज्याच्या हातून निसटला त्यानेच लिहायचं. आणि खाली, पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय केलं, तारीख घालून. न लिहिणाऱ्याला ओरडा बसायचा, लिहिणाऱ्याला नाही.

सदतीस वर्षं असं जगल्यावर माणूस घरी वेगळं कसं वागणार? नवरा बुद्धभूषण त्याच कारखान्यातले. दोघांनी मिळून धायरीत छोटं दुमजली घर बांधलं. बुद्धभूषण अचानक गेले आणि वरचा मजला बाईंना खायला उठला. मग सात वर्षांपूर्वी त्यांनी मुली ठेवायला सुरुवात केली. यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर, कुठून कुठून आलेल्या. कोणी नर्सिंगला, कोणी आयटीत. आडनाव त्या विचारतात, पण खोली द्यायचं ठरल्यावर, फॉर्मवर लिहायला.

घर बघायला मी गेलो तेव्हा आधी मला हसू आलं. तिन्ही खोल्यांच्या दारांवर लाल रंगात लिहिलेलं, ‘माणसं ३’. खाली जिन्याशी लाकडी फळा, त्यावर ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे खिळे आणि दहा पितळी बिल्ले. दहावा बाईंचा स्वतःचा. दुधाची पिशवी आणायला कोपऱ्यावर जातानासुद्धा त्या बिल्ला हलवतात. दर दोन महिन्यांनी संध्याकाळी सहाला शिट्टी वाजते आणि मुली असतील तशा रस्त्यावर येऊन उभ्या राहतात. समोर कोंडीराम शेठची चार मजली इमारत आहे, एकावर एक पलंग आणि चाळीस मुलगे. ते सगळे गॅलरीत येऊन टाळ्या वाजवतात.

“सुरुवातीला ऑकवर्ड व्हायचं हो,” अक्षता मला म्हणाली. ही वाशीमची, आयटीत काम करणारी, घरातली सगळ्यांत जुनी मुलगी. “आता सवय झालीय. कंपनीत फायर ड्रिल झालं तेव्हा मी एकटीच सिरियसली पळाले.”

मग तिने मला वही दाखवली. बाईंच्या वहीला मुलींनी ‘वाचलो वही’ असं नाव ठेवलंय. मी उभ्या उभ्या चार पानं वाचली. ‘इस्त्री चालू ठेवून कॉलेजला गेले. ताईंना वास आला. इस्त्रीच्या पॉइंटला आता लाल दिवा बसवला. – भाग्यश्री.’ ‘फुलदाणीत मागच्या दाराची किल्ली ठेवली आणि विसरले. शिट्टी वाजली तेव्हा दार उघडेना. आता कुलूप काढून कडी लावली. – हिरा.’ ‘गिझर बंद करायचा राहिला. – अक्षता.’ त्याच्याच खाली महिन्याभराने, ‘गिझर परत. – अक्षता. (आता आपोआप बंद होणारा बसवला. माझ्यावर विश्वास उरलेला नाही.)’

सात वर्षांत एक्केचाळीस नोंदी होत्या. वाचून मला मजा वाटली आणि मी ती विसरून गेलो. तिथेच माझं चुकलं.

अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या आणि त्यांनी टेबलावर जाडजूड गठ्ठा ठेवला. वहीच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स.

“हे काय?”

“जोडायचं.”

मला वाटलं थट्टा करतायत. “अहो बाई, परवाना मागायला चाललोय आपण, गुन्हा कबूल करायला नाही. अर्जात फक्त विचारलंय, मागच्या काही वर्षांत आग किंवा अपघात झाला का? झाला नाही. ‘निरंक’ लिहायचं आणि सही करायची. संपलं.”

“अपघात नाही झाला. होता होता राहिला, एक्केचाळीस वेळा. तो विचारल्याशिवाय त्यांना घर कळणार कसं?”

“त्यांना घर कळायला नकोच आहे! त्यांना कागद हवाय!”

मी आवाज चढवला होता. बाईंनी चढवला नाही. म्हणाल्या, “दत्तप्रसाद, मी एकदा अशा घरात राहिले आहे जिथं कागद एकदम स्वच्छ होता.”

मी चिडलो. ‘ही कागदपत्रे मी स्वखुशीने व माझ्या जबाबदारीवर जोडत आहे’ असं त्यांच्याकडून त्यांच्या अक्षरात लिहून घेतलं. उद्या बुडाल्या तर माझ्या नावाने बोंब नको. दुसऱ्या दिवशी बाईंच्या अर्जाबरोबर मी कोंडीराम शेठचाही अर्ज दिला. त्यांच्या चाळीस मुलांच्या घरात सहा वर्षांत काहीही घडलेलं नव्हतं. निरंक. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी दोन्ही पत्रं आली. कोंडीराम शेठना प्राथमिक मंजुरी, फक्त घराची पाहणी बाकी. सत्यशीलाबाईंना नोटीस. ‘आपण स्वतः एक्केचाळीस धोकादायक घटना मान्य केल्या आहेत. आपला अर्ज का नाकारू नये याचा खुलासा सुनावणीस समक्ष हजर राहून करावा.’

मी नोटीस घेऊन धायरीला गेलो. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य मी बसमध्ये तीन वेळा घोळवलं होतं. तिथे पोचल्यावर ते तोंडातून निघेना. बाई पायरीवर बसल्या होत्या. नऊ मुली त्यांच्याभोवती. भाग्यश्रीची नर्सिंगची शेवटची परीक्षा पुढच्या महिन्यात. परवाना गेला तर पंधरा दिवसांत सगळ्या रस्त्यावर, आणि धायरीत ऐन वेळी मिळाल्या असत्या तर कोंडीराम शेठच्या ओळखीतल्या कुठल्या तरी इमारतीत एकावर एक रचलेल्या खाटा.

शेठ स्वतःही डोकावून गेले होते. माणूस मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. म्हणाले, “बाई, आमच्या हितं चाळीस पोरं हायती, पन काय बी होत नाय. आन तुमच्या हितं नऊ पोरींत येवढं? कशाला लिव्हायचं म्हन्तो मी!”

“ताई, आपण सांगू ना की ती वही म्हणजे आमचा जोक होता,” अक्षता म्हणाली. “आम्ही सगळ्या सही करून देतो.”

मला ती युक्ती एकदम पटली. मी म्हटलं, उत्तम, मी टाईप करून देतो.

सत्यशीलाबाईंनी नोटीस घडी करून फाईलमध्ये ठेवली. मग म्हणाल्या, “मला भीती वाटते आहे. खूप. हे घर गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही, आणि तुम्हाला मी कुठं पाठवू? पण वही खोटी म्हणून परवाना घेतला, तर दारावरचा ‘माणसं ३’ पण खोटाच की. तसं घर मला चालवायचं नाही जी.”

सुनावणीला मी बरोबर गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं. मी सांगितलं की मला त्याच बाजूला जायचं होतं. अधिकारी विजयमाला काटकर नावाच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांची ख्याती अशी की त्या हसल्या तर समोरच्याने आपलं काय चुकलं ते बघावं. त्यांनी गठ्ठा उघडला आणि मधूनच विचारायला सुरुवात केली.

“तेविसावी नोंद. स्विचबोर्डातून ठिणगी.”

“दोन हजार एकवीस, नऊ ऑगस्ट,” सत्यशीलाबाई उभ्या राहून म्हणाल्या. “अकरा तारखेला बोर्ड बदलला. वायर आतून कुरतडलेली निघाली म्हणून पूर्ण वरच्या मजल्याची बदलली.”

“तिसावी.”

“गॅसची नळी. दर दोन वर्षांनी बदलायची, मी चार महिने उशीर केला. आता तारीख नळीवरच लिहिते.”

“नववी.”

“मागचं दार. कुलूप काढलं, आतून नुसती कडी. बाहेर कोणी गाडी लावू नये म्हणून दोन कुंड्या सिमेंटमध्ये बसवल्या.”

कागद बघायला म्हणून त्यांनी एकदाही मान खाली घातली नाही. काटकर मॅडम विचारत गेल्या आणि बाई सांगत गेल्या. मी मागे बसून बोटांवर मोजत होतो. सतरा नोंदी विचारल्या, सतरा उत्तरं आली. मग मॅडमनी शेवटचं पान काढलं आणि चष्मा वर सरकवला.

“एक्केचाळिसावी. ‘अक्षताची आई मुक्कामाला आली. तीनच्या खोलीत चौथं माणूस झोपवलं. आकडा मोडला. पुढे पाहुण्यांची सोय माझ्या खोलीत, मी बाहेर बैठकीत. चूक माझी. – सत्यशीला.’ हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलंय?”

“हो.”

“एका रात्रीची गोष्ट. कोणाला कळलंही नसतं. का लिहिलंत?”

“लिहिलं नसतं तर मी दुसऱ्यांदाही झोपवलं असतं, मॅडम. मग पाचवं. मग कागदावर तीन आणि खोलीत अकरा. मी त्या खोलीत राहिले आहे.”

मॅडमनी गठ्ठा बंद केला. घड्याळ बघितलं आणि उठल्या. “चला. घर बघू या. आत्ता.”

आगाऊ न कळवता पाहणी म्हणजे काय, हे मी जाणतो. गाडीत मी अक्षताला मेसेज करायला फोन काढला, तर सत्यशीलाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी तो परत खिशात ठेवला.

चारच्या सुमाराला आम्ही पोचलो. मॅडमनी आधी फळा वाचला. ‘आत’च्या खिळ्यांवर पाच बिल्ले. “म्हणजे आत्ता घरात पाच मुली आहेत?”

“पाच आहेत.”

“बोलवा.”

सत्यशीलाबाईंनी कमरेची शिट्टी काढली आणि वाजवली. असली शिट्टी मी आयुष्यात ऐकलेली नाही. समोरच्या गॅलरीतली कबुतरं उडाली. मॅडमनी फोनवर सेकंद लावले. वरून पायांचा आवाज आला. दोघी पुढच्या दाराने आल्या, दोघी मागच्या, ठरल्याप्रमाणे, अनवाणी, हातात काहीही न घेता. चौघी रस्त्यावर ओळीत उभ्या राहिल्या. चाळीस सेकंद.

पाचवी येईना.

“फळ्यावर पाच आहेत,” मॅडम म्हणाल्या. “माझ्यासमोर चार आहेत.”

पन्नास सेकंद. मला आठवलं की माणसाने गणपतीला काहीतरी बोलायचं असतं, पण काय ते सुचेना. फळा चुकला असेल तर सगळं चुकलं. मी सत्यशीलाबाईंकडे बघितलं. त्या फोनवरचे सेकंद बघत नव्हत्या, जिना बघत होत्या. “अक्षता आहे,” त्या म्हणाल्या आणि आत जायला वळल्या.

एवढ्यात अक्षता जिन्यावरून आली. डोक्यावर शांपूचा फेस, अंगात उलटा घातलेला ड्रेस, खांद्यावर टॉवेल, एक डोळा मिटलेला. रांगेत जाऊन उभी राहिली आणि ओरडली, “ताई, शिट्टी सहाला ठरलीय ना! आत्ता चार वाजलेत! हे नॉट फेअर आहे!” मग तिला एका डोळ्याने अधिकारी दिसल्या आणि ती म्हणाली, “ओह.”

“सदुसष्ट सेकंद,” मॅडम म्हणाल्या, आणि हसल्या. खळखळून, चष्मा काढून हसल्या. समोरच्या गॅलरीतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि या वेळी त्या टाळ्यांत थट्टा नव्हती.

टाळ्यांमुळेच मॅडमचं लक्ष तिकडे गेलं. रस्ता ओलांडून त्या कोंडीराम शेठच्या दारात गेल्या. शेठ घाईघाईने टोपी घालून बाहेर आले.

“शेठ, तुमच्या घरात आत्ता किती माणसं आहेत?”

“हायती की... बारा. पंधरा असतीन. इस धरा.”

“मागचं दार?”

मागच्या दाराबाहेर तीन मोटारसायकली आणि एक बंद पडलेला फ्रीज होता. मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, “दत्तप्रसाद, हा अर्ज तुम्हीच भरलात ना? चाळीस माणसं, सहा वर्षं, आणि साधा फ्यूजसुद्धा उडाला नाही? एवढं नशीब कुठे मिळतं ते मलाही सांगा.”

शनिवार पेठेत वाढलेल्या माणसाला टोमणा द्यायची सवय असते, घ्यायची नसते. मी मान खाली घातली. पण खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. मला त्या क्षणी पलीकडे ओळीत उभ्या असलेल्या पाच मुलींचा आणि त्यांच्या ताईंचा एवढा अभिमान वाटत होता की जणू ती वही मीच लिहिली होती.

परवाना त्याच आठवड्यात मिळाला. त्याबरोबर कार्यालयाकडून, नमुना म्हणून, वहीच्या एका कोऱ्या पानाची मागणी आली. आता त्या कार्यालयात प्रत्येक अर्जाला तसं पान जोडावं लागतं. मला रोज घरमालकांना सांगावं लागतं की ‘निरंक’ चालणार नाही, काय होता होता राहिलं ते लिहा. ते मला शिव्या देतात. मी त्यांना सत्यशीलाबाईंचा पत्ता देतो. कोंडीराम शेठना फेरअर्ज करायला लागला. फ्रीज हलला, गाड्या हलल्या, चाळिसांचे अठ्ठावीस झाले, आणि एका दुपारी शेठ स्वतः रस्ता ओलांडून आले नि दारातूनच म्हणाले, “बाई, त्ये सोडा समदं. ती शिट्टी कुठं मिळती?”

परवाना चौकट करून लावायच्या दिवशी मला निरोप होता. पेढे घेऊन गेलो. सगळ्या मुली घरात होत्या, फक्त अक्षता गावाला गेली होती. बैठकीत एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या, पदरात हात गुंडाळून. मी ओळखलं. सत्यशीलाबाईंनी कुसुमताईंना पवनीहून बोलावून घेतलं होतं.

चौकट त्यांच्याच हातून लावायची असं ठरलं होतं. त्यांनी पदरातून हात काढले. कातडी ताणलेली, बोटं अर्धी मिटलेली. भाग्यश्रीने एक कोपरा धरला आणि चौकट बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली लागली. कुसुमताईंनी परवाना जवळ जाऊन वाचला. ‘एकूण राहणाऱ्या व्यक्ती : १०’. मग त्या फळ्यापाशी गेल्या आणि वाकडं बोट एकेका बिल्ल्यावर ठेवत त्यांनी दहा मोजले. परत जाऊन परवाना बघितला.

“कागदावर बी दहाच हायेत वो,” त्या म्हणाल्या.

“दहाच.”

“मग मी कुठं झोपू? मी अकरावी झाली. मले आपलं रातच्या गाडीनं जाऊ दे.” त्या हसत म्हणाल्या, पण पिशवी त्यांनी खरंच जवळ ओढली होती.

सत्यशीलाबाई उठल्या. त्यांनी कपाटातून एक नवा पितळी बिल्ला काढला. कारखान्याच्या बाहेरच्या जुन्या कारागिराकडून मुद्दाम करून घेतलेला, त्यावर ठोकून काढलेलं नाव, ‘कुसुम’. अक्षताचा बिल्ला ‘बाहेर’च्या खिळ्यावर होता. आतल्या बाजूला तिचा खिळा रिकामा होता.

“अक्षता येईपर्यंत तू दहावी,” त्या म्हणाल्या. “आणि आली की तू माझ्या खोलीत, मी बैठकीत. वहीत लिहिलंय तसं. राहायचं ठरलं तर कागदावर अकरा करून घेऊ. नाव लाव तुझं.”

कुसुमताईंनी बिल्ला हातात घेतला. त्यांच्या बोटांना तो नीट धरता येईना, दोनदा पडला. कोणीही मदतीला पुढे झालं नाही, आणि ते बरोबर होतं. तिसऱ्यांदा त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला, फळ्यापर्यंत नेला आणि ‘आत’च्या खिळ्यावर स्वतः अडकवला.